जेरबंद होण्याआधीची दहा मिनिटे

'अखेर बिबट्या जेरबंद.' आमच्या भागात हा मथळा वर्षातून चार-पाच वेळा तरी वर्तमानपत्रात येतो. या तीन शब्दांपैकी दोन फारसी-अरबीतून मराठीत आलेले आहेत, हे मी वर्गात मुलांना मुद्दाम दाखवते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे असले शब्द दिसले की मला राहवत नाही. घोड्याने मान वर उडवू नये म्हणून पोटाखालच्या तंगापासून लगामापर्यंत जो चामडी पट्टा बांधतात, तो मुळात जेरबंद. तिथून हा शब्द पिंजऱ्यातल्या बिबट्यापर्यंत पोचला.

दुसरा शब्द 'शिकार'. आपल्याला वाटतं, शिकार म्हणजे मारणं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पकडणं आणि सापळा लावणंही येतं. म्हणजे जखमी बिबट्याला वाचवण्यासाठी कुणी त्याला पकडायला गेलं, तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच. म्हणून त्यासाठी परवानगी लागते, आणि बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत तो अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो.

तिसरा शब्द 'भूल'. दवाखान्यात रोग्याला भूल देतात, माणसाला एखाद्या गोष्टीची भूल पडते, आणि माझ्या घरच्या उर्दूत भूल म्हणजे चूक किंवा विसर. भूलचूक माफ असावी, असं आपणही म्हणतोच. जंगली जनावराला भूल देण्याच्या कामात हे सगळे अर्थ किती जवळजवळ राहतात, ते मला माझ्या भाच्यामुळे कळलं. आजचा लेख त्याच विषयावर आहे.

माझा भाचा, म्हणजे थोरल्या आपाचा मुलगा, पशुवैद्यक आहे. सरकारी दवाखान्यात नोकरी. गाईची वार अडकली, शेळीचं पोट फुगलं, बैलाचा खूर सडला, की लोक त्याला बोलावतात. आमचा तालुका उसाचा. उसात बिबट्या राहतो, तिथेच त्याची पिल्लं होतात. ऊस तोडायला आला की माणसं आणि बिबटे समोरासमोर येतात. अशा वेळी वनखात्याचे लोक जवळचा पशुवैद्यक शोधतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी भाच्याला रात्री असा फोन आला. गोठ्यात बिबट्या शिरला होता आणि लोकांनी बाहेरून दार लावून घेतलं होतं. तो गेला खरा, पण त्याला करता येण्यासारखं काहीच नव्हतं. भुलीची बंदूक त्याने तोवर हातात घेतलेली नव्हती. जिल्ह्याहून पथक यायला साडेचार तास लागले. त्या साडेचार तासांत गोठ्यातल्या शेळ्यांचं काय झालं ते सांगायची गरज नाही.

तिथून आल्यावर तो मला म्हणाला, "खाला, पाच वर्षं कॉलेजात शिकलो, पण यातलं नुसतं तोंडओळखीपुरतं शिकलो होतो." मग त्याने अर्ज केले, वरिष्ठांच्या मागे लागला, आणि रीतसर प्रशिक्षण घेऊन आला. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ पासून वनाधिकारी आणि पशुवैद्यकांना वन्यजीवांच्या कामाचे धडे देते. आपल्याकडे नागपूरला गोरेवाडा आहे. जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं पथक मुंबईच्या वस्तीतून बिबटे सुखरूप बाहेर काढत आलं आहे. भाच्याला शिकवणारे अशाच कामात केस पांढरे झालेले लोक होते.

तो आला आणि मी त्याला माझ्या सवयीने विचारलं, "काय शिकवलं? कसं शिकवलं?" बीएडला आम्हाला आधी पाठाचं टाचण काढायला लावायचे, मग सहाध्यायांसमोर पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, मग खऱ्या वर्गात सराव पाठ. मागे बसून कुणीतरी निरीक्षण लिहायचं. त्याचंही तसंच झालं होतं. पहिले काही दिवस बंदुकीला हातच लावू दिला नाही. आधी कायदा, मग औषधं, मग कागद-पेन्सिल घेऊन मात्रेची गणितं. त्यानंतर गवताने भरलेल्या पोत्यावर नेम. दहा मीटरवरून, वीस मीटरवरून, उतारावरून, झाडाखालून वर. प्रत्येक वेळी आधी अंतर अंदाजाने सांगायचं आणि मग टेपने मोजायचं. "पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकाचाही अंदाज बरोबर नव्हता," तो म्हणाला.

अंतराला एवढं महत्त्व का? सिनेमात आपण पाहतो, बंदुकीतून पिसं लावलेलं काहीतरी सुटतं आणि वाघ जागच्या जागी आडवा होतो. प्रत्यक्षात ती उडणारी वस्तू म्हणजे एक सिरिंजच असते. तिला डार्ट म्हणतात. तिच्या पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा. सुईचं टोक बंद असतं. छिद्र बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई मांसात घुसली की ती नळी मागे सरकते, छिद्र उघडतं, आणि मागची हवा औषध आत ढकलते. बंदुकीचा दाब अंतराप्रमाणे कमी-जास्त करावा लागतो. जनावर जवळ असताना दाब जास्त ठेवला, तर डार्ट हाड मोडू शकतो किंवा पोटात शिरू शकतो. लांबच्या जनावराला दाब कमी पडला, तर डार्ट नुसता आपटून खाली पडतो. नेम धरायचा तो मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड मांसावर. पिंजऱ्यातल्या किंवा अगदी जवळच्या प्राण्यासाठी बंदूक नकोच, तिथे तोंडाने फुंकायची लांब नळी पुरते.

ही कल्पना फार जुनी नाही. न्यूझीलंडमधल्या टिमारू गावचे कॉलिन मर्डॉक औषधविक्रेते होते आणि जनावरांवर उपचारही करायचे. एकदा वापरून फेकायची सिरिंज घडवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. १९५० च्या दशकात त्यांनी ही सिरिंज बंदुकीतून मारायची हत्यारं तयार केली. त्याच सुमारास अमेरिकेतही असे प्रयोग चालू होते. १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीच्या अरण्यात पांढऱ्या गेंड्यांना भूल देऊन दुसऱ्या अरण्यांत आणि देशोदेशीच्या प्राणिसंग्रहालयांत हलवण्यात आलं. इयन प्लेअर यांच्या पुढाकाराने झालेली ही मोहीम 'ऑपरेशन ऱ्हायनो' म्हणून ओळखली जाते. या गेंड्यांची अखेरची मोठी वस्ती तेव्हा त्याच एका भागात उरली होती. तिथे रोगाची साथ आली असती तर सगळंच संपलं असतं. आज पांढरा गेंडा इतर अनेक ठिकाणी दिसतो, त्यात भुलीच्या औषधाचा मोठा वाटा आहे.

गेंड्यांसाठी वापरलेल्या एटॉर्फिन या औषधाबद्दल भाच्याने सांगितलं तेव्हा आपा स्वयंपाकघरातून बाहेर आली. अफूच्या कुळातलं हे औषध इतकं तीव्र आहे की हत्ती किंवा गेंड्याला काही मिलिग्रॅम पुरतात, आणि माणसाच्या जखमेत किंवा डोळ्यात थेंबभर गेलं तरी जीव जाऊ शकतो. म्हणून ते कधी एकट्याने हाताळायचं नाही. हातमोजे घालायचे, माणसाला द्यायचा उतारा आधीच काढून ठेवायचा, आणि तो कसा द्यायचा हे जोडीदाराला माहीत असायला हवं. "हे असलं तू वापरणार?" आपाने विचारलं. तो हसला. बिबट्याला ते लागत नाही. मांजरकुळासाठी साधारणपणे केटामाइन आणि झायलाझिन ही जोडी वापरतात. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात या दोन औषधांचं एक ठरावीक मिश्रण बसवलं गेलं, ते त्याच नावाने जगभर चालतं.

औषध तेच असलं तरी जनावर बदललं की गणित बदलतं. झायलाझिन घोड्याला जितकं लागतं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात तेवढ्याच वजनाची गाय आडवी होते. यात चूक झाली तर गाय मरते. बिबट्याला काट्यावर उभं करता येत नाही. त्याचं वजन लांबून, झाडीतून, टॉर्चच्या उजेडात अंदाजाने ठरवायचं. मादी चाळीस किलोची आहे की नर साठ किलोचा? पोट भरलेलं आहे का? ती गाभण आहे का? मात्रा कमी पडली तर जनावर अर्धवट गुंगीत उठतं, आणि असा बिबट्या शुद्धीतल्या बिबट्यापेक्षा धोकादायक असतो. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. डार्ट लागल्यापासून जनावर पूर्ण गुंगीत जायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. ते घाबरलेलं, चिडलेलं असेल तर आणखी जास्त. या मिनिटांत ते कुठेही जाऊ शकतं. विहिरीत पडून बुडू शकतं, झाडावरून खाली आदळू शकतं, रस्त्यावर गाडीखाली येऊ शकतं, माणसांच्या घोळक्यात घुसू शकतं. म्हणून विहिरीत पडलेल्या बिबट्याला सहसा भूल देत नाहीत. आधी दोरांनी बाज खाली सोडतात, तो तिच्यावर चढून बसतो, दम खातो, मग पिंजरा सोडतात. "खाला, डार्ट मारायला एक सेकंद लागतो. प्रशिक्षण पुढच्या दहा मिनिटांचं असतं," असं भाचा म्हणाला. माझ्या लेखाचं शीर्षक तिथूनच आलं आहे.

जनावर आडवं झालं म्हणजे काम संपलं, असंही नाही. केटामाइनमध्ये डोळे उघडेच राहतात आणि पापणी मिटत नाही. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालायचं, वरून कापड बांधायचं. कानात कापूस, कारण मोठ्या आवाजाने ते दचकून उठू शकतं. जीभ बाहेर ओढून श्वासाची वाट मोकळी ठेवायची. दर काही मिनिटांनी श्वास, नाडी आणि ताप पाहून कागदावर लिहायचं. ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर जायला लागला की अंगावर पाणी ओतायचं. गवा किंवा हरणासारखं रवंथ करणारं जनावर असेल तर त्याला कुशीवर पडू द्यायचं नाही. छातीवर बसतं ठेवायचं, नाहीतर पोट फुगतं आणि लाळ-चारा श्वासनलिकेत जातो. शेवटी उतारा. तो झायलाझिनवर चालतो, केटामाइनवर चालत नाही. त्यामुळे उतारा फार लवकर देऊनही भागत नाही, केटामाइनचा अंमल आधी ओसरू द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर कुठलाही उतारा नाही. जनावराला फार पळवलं, घेरलं, घाबरवलं, तर त्याच्या स्नायूंची झीज होऊन घातक द्रव्यं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं आणि हृदय बंद पडतं. डार्ट नेमका लागला, मात्रा अचूक होती, तरी जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं. भूल देण्याच्या कितीतरी आधी ते मारलं गेलेलं असतं, आणि ते मारणारी आपण गर्दीतली माणसं असतो.

९ डिसेंबर २०२० ला पुण्याच्या कोथरूडमध्ये काय झालं ते अनेकांना आठवत असेल. सकाळी महात्मा सोसायटीच्या परिसरात एक गवा दिसला. बातमी पसरली, माणसं जमली, मोबाईल बाहेर आले. गवा गल्ल्यांतून धावत राहिला, भिंतींना आणि फाटकांना धडकला, रक्तबंबाळ झाला. तासन्‌तास हे चाललं. शेवटी त्याला भूल देऊन, दोर टाकून पकडलं, आणि थोड्याच वेळात तो मेला. पथकाने काय करायला हवं होतं यावर नंतर बरंच लिहून आलं. पण ते दृश्य टीव्हीवर पाहताना माझी नजर पुन्हा पुन्हा त्याच्यामागे धावणाऱ्या माणसांकडे जात होती. त्यांच्या मनात द्वेष नव्हता. कोणी हसत होतं, कोणी व्हिडिओ काढत होतं. त्याच महिन्यात बावधन-पाषाणच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी लोकांना दूर ठेवलं गेलं, त्याला वाट मोकळी ठेवली गेली, आणि तो भुलीशिवाय जंगलाकडे परत गेला. शहर तेच, महिना तोच. दुसऱ्या वेळी माणसं लांब होती, एवढाच फरक होता.

आता भाच्याची गोष्ट. प्रशिक्षण घेऊन आल्यावर सात-आठ महिन्यांनी संध्याकाळी त्याला बोलावणं आलं. ओढ्याकाठच्या चिंचेवर बिबट्या चढून बसला होता. खाली दगडी विहीर, कठडा तुटलेला. दोन्ही बाजूंना उभा ऊस. आणि झाडाभोवती हजारभर माणसं. वनखात्याचं पथक बंदूक घेऊन आलं होतं, परवानगी होती, औषध होतं. भाच्याने सगळं पाहिलं आणि सांगितलं, मी डार्ट मारणार नाही. मारला तर बिबट्या विहिरीत पडेल किंवा गर्दीत उडी मारेल. अंधार होतोय, उसात शिरला तर गुंगीतला बिबट्या शोधायला कोण जाणार? आधी लोकांना मागे घ्या, दिवे बंद करा. वनाधिकाऱ्यांना ते पटलं. लोकांना पटलं नाही. "डॉक्टर घाबरला" अशी आरोळी उठली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. त्यात तो हात हलवून नाही म्हणतोय, आणि मागून हसण्याचे, शिट्ट्यांचे आवाज येताहेत. रात्री नऊपर्यंत तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवरही आला होता. आपाने तो पाहिला आणि जेवण टाकून उठली.

पोलिसांनी साडेदहापर्यंत माणसं पांगवली. साडेअकराच्या सुमारास बिबट्या आपला आपण उतरला आणि ओढ्याने निघून गेला. कुणाला ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ओळ नव्हती. काहीच न घडणं ही बातमी होत नाही.

सरकारने पैसे खर्च करून माणसाला डार्ट मारायला शिकवलं, आणि शिकून आलेला माणूस डार्ट मारत नाही, हे लोकांना फसवणुकीसारखं वाटलं. मला मात्र शिक्षिका म्हणून ते पटलं. बीएडच्या पहिल्या सराव पाठाला मी टाचणातलं सगळं शिकवून टाकायची घाई करणाऱ्या कितीतरी जणी पाहिल्या आहेत. आज या वर्गात हा पाठ घ्यायचा नाही, हे ज्या बाईला कळतं ती खरी शिकलेली. हत्यार चालवायला आठवडाभरात शिकता येतं. हजार माणसं हसत असताना ते खाली ठेवायला जास्त शिक्षण लागतं.

हे सगळं मला एवढं सोपं वाटत होतं, ते त्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळा सुटल्यावर भेटायला आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भावाच्या सहा वर्षांच्या मुलीला घरामागून बिबट्याने नेलं होतं. दिवेलागणीची वेळ होती. ते बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, तुमच्या भाच्याने परवा त्याला जाऊ दिलं. तुम्हाला बिबट्याची दया येते, आमच्या पोरांची येत नाही का?"

मी त्यांना आकडे सांगितले नाहीत. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याच्यासमोर अभ्यास आणि अहवाल काढायचे नसतात. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. पण प्रश्न राहिला, आणि तो खरा आहे म्हणून त्याला इथे उत्तर द्यायला हवं.

पहिली गोष्ट, काही बिबटे पकडावेच लागतात. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराला पकडायचं की नाही हा वाद नाही. कायदाही तेच सांगतो. पकडून, भूल देऊन किंवा हलवून भागणार नाही अशी खात्री झाली, तर मुख्य वन्यजीव रक्षक अखेरचा उपाय म्हणून मारण्याचा आदेशही देऊ शकतात. पण पकडायचा तो नेमका तोच असायला हवा. ठसे, कॅमेऱ्यातले फोटो, अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी यांवरून तो ओळखावा लागतो. चिंचेवर जो बसला होता, त्याने कुणाचं काही केल्याची नोंद नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यांनी फार महाग किंमत देऊन शिकलेली आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले गेले आणि त्यांतले अनेक दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. हेतू चांगला होता. पण डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर या काळाचा अभ्यास केला तेव्हा उलटंच दिसलं. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते या काळात वर्षाला सरासरी सतरावर गेले. आपली जागा सुटलेलं, पिंजऱ्यात माणसांच्या गराड्यात राहिलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं की ते भेदरून फिरतं, घरी परतायला निघतं. 'आजोबा' हा सिनेमा ज्याच्यावर आला तो बिबट्या नगर जिल्ह्यातल्या विहिरीतून काढलेला होता. २००९ मध्ये गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, आणि तो साधारण १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही. सगळेच आजोबांसारखे शांत निघतील असं मात्र नाही. म्हणून आजच्या प्रशिक्षणात 'कसं पकडायचं' याच्या आधी 'पकडायचा का' आणि 'पकडून पुढे काय' हे दोन प्रश्न येतात.

तिसरी गोष्ट त्या वडिलांना मी पुढच्या भेटीत सांगितली, कारण तोवर त्यांचा आवाज थोडा खाली आला होता. परवाच्या गर्दीत पुढे उभी असलेली पोरं आपल्याच शाळेची होती. त्यांचा मुलगाही त्यात होता. अर्धवट गुंगीतला बिबट्या त्या चिंचेवरून उडी मारता, तर कुणाच्या अंगावर पडला असता? माझ्या भाच्याने बिबट्याला जाऊ दिलं हे खरं. पण डार्ट न मारण्याचं पहिलं कारण त्या झाडाखालची मुलं होती. त्यावर ते गप्प राहिले. त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "मग आमच्या घरामागे दिवा लावायला सांगा कुणाला तरी." माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा ही मागणी जास्त शहाणपणाची होती. ग्रामपंचायतीला अर्ज मी लिहून दिला, सह्या त्यांनी गोळा केल्या. आता तिथे दिवा आहे.

नंतर मी भाच्याला वर्गात बोलावलं. त्याने रिकामा डार्ट दाखवला, मुलांनी हात लावून पाहिला. मग त्याने पटांगणावर खडूने एक वर्तुळ काढलं आणि म्हणाला, हे झाड. कोण किती लांब उभं राहणार? सगळी मुलं दहा-बारा पावलांवर थांबली. त्याने त्यांना पार पटांगणाच्या कुंपणाबाहेर नेलं. "इथूनही जवळच आहे," तो म्हणाला. मुलांनी मग उर्दू आणि मराठी दोन्हीत एक सूचनाफलक लिहिला. उर्दूत 'बेहोश' लिहिलं, मराठीत 'बेशुद्ध'. एका मुलीने विचारलं, दोन्हीकडे 'बे' एकच आहे का? एकच आहे. फारसी 'बे'ला मराठीने आपली शुद्ध जोडून घेतली. त्या दिवशीचा व्याकरणाचा तास तिथेच झाला.

वाचकांना माझं सांगणं थोडं आहे. आपल्या तालुक्यात प्रशिक्षित पशुवैद्यक आणि पथक आहे का, ते किती वेळात पोचतं, हे ग्रामसभेत विचारा. नसेल तर मागणी करा. सापासाठी सर्पमित्र आणि आगीसाठी बंब लागतो, तसंच हे आहे. प्रत्येक गावात बंदूक नको, पण तासाभराच्या अंतरावर ती चालवू शकणारी, आणि खाली ठेवू शकणारी माणसं हवीत. एकाच डॉक्टरला शिकवून भागत नाही. वनरक्षक, पोलीस, पाणी आणणारा, नोंद लिहिणारा, सगळे एकत्र शिकले पाहिजेत. आणि ही नोकरी करणाऱ्याला पुरेशी साधनं, मुदत न संपलेली औषधं आणि विम्याचं संरक्षण मिळतं का, हेही विचारा.

आपल्या वाट्याचं प्रशिक्षण मात्र फुकट आणि घरच्या घरी होणारं आहे. बिबट्या दिसला तर वनखात्याला फोन करायचा, लेकरं घरात घ्यायची, शेजाऱ्याला सांगायचं आणि मागे सरायचं. दार, झाड, विहीर काहीही घेरायचं नाही. जाण्याची एक वाट मोकळी ठेवायची. व्हिडिओ काढायचा नाही, आलेला पुढे पाठवायचा नाही. गोठा बंदिस्त करायचा, घरामागचा कचरा आणि कोंबड्यांची आतडी उघड्यावर टाकायची नाहीत, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. दिवेलागणीला लहान मूल एकटं बाहेर पाठवायचं नाही.

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला आहे. टोळ्या येतील, त्यांची पालं फडाच्या कडेला पडतील, आणि त्यांची लेकरं उघड्यावर झोपतील. सूचनाफलक वाचायला त्यांना वेळ नसतो, अनेकांना वाचताही येत नाही. म्हणून यंदा आमच्या नववीच्या मुली तिथे जाऊन तोंडीच सांगणार आहेत. कोणती मुलगी कुठल्या पालांवर जाणार, याची यादी काल पूर्ण झाली.